हवाईच्या सहलीतून राजा वगळणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
हवाई बेटांच्या सहली काढणाऱ्या मराठी सहल संस्थांचे संचालक आणि टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला जोडून हवाई दाखवणाऱ्या एका सहलीचं यंदाचं माहितीपत्रक माझ्या हाती आलं. त्यात होनोलुलूचा इओलानी राजवाडा नाही. मागच्या पत्रकात तो होता, आतून, तिकिटासकट. आता त्या जागी ‘वायकीकी परिसरात खरेदीसाठी मोकळा वेळ’ असं छापलंय. मी फोन करून कारण विचारलं. पलीकडच्या गृहस्थांनी नीट, अदबीने उत्तर दिलं, “बाई, लोकांना राजवाड्यात रस नसतो. राजस्थानात बघून झालेले असतात. दोन तास त्यात गेले की शॉपिंगला वेळ उरला नाही म्हणून तक्रारी येतात.” पत्रकाच्या शेवटच्या पानावर हवाईचा इतिहास चार ओळींत आहे. त्याचं सार असं, की मौजमजेत रमलेल्या राजांची ही बेटं अमेरिकेच्या छत्राखाली आली आणि तिथे आधुनिक युग सुरू झालं.

हे पत्र त्या चार ओळींसाठी आहे. संस्थेचं नाव मी घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. हवाईवरची जी जी मराठी पत्रकं आणि सहलींचे व्हिडिओ माझ्या पाहण्यात आले, त्यांत सूर थोड्याफार फरकाने हाच आहे.

मी कोण आणि मला एवढं का लागावं, हे सांगते. मी साताऱ्यात हायस्कूलला इतिहास शिकवला. माझी मुलगी होनोलुलूत राहते, नात तिथल्या शाळेत शिकते. ‘हवाई पोनोई’ हे त्या राज्याचं गीत तिला तोंडपाठ आहे. त्याचे शब्द 1874 साली डेव्हिड कलाकाउआ यांनी लिहिले. त्याच साली ते हवाईचे राजे झाले होते. चाल लावली त्यांच्या बँडचे प्रशियन प्रमुख हेन्री बर्गर यांनी. जे राज्य आता नाही त्याच्या राजाचं गीत पन्नासाव्या अमेरिकी राज्यातली मुलं आजही म्हणतात. आणि माझे जुने विद्यार्थी आपल्या सहलीतून परत आले की मला सांगतात, “बाई, बीच मस्त आहेत, बाकी बघायला काही नाही.” त्यांचा दोष नाही. त्यांना कुणी दाखवलंच नाही.

कलाकाउआ यांचा काळ 1874 ते 1891. आपल्याकडे ‘केसरी’ सुरू झाला त्या 1881 साली हा राजा जगप्रवासाला निघाला होता आणि त्या प्रवासात तो आपल्या मुंबईतही येऊन गेला. कलकत्त्याला उतरून रेल्वेने मुंबई, मुंबईहून जहाजाने सुवेझकडे. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला राज्यावर असलेला राजा तो. 20 जानेवारीला निघाला आणि 29 ऑक्टोबरला घरी परतला. जपानमध्ये सम्राट मेइजी, चीनमध्ये मुत्सद्दी ली हुंगचांग, सयाममध्ये (म्हणजे आजच्या थायलंडमध्ये) राजा चुलालोंगकोर्न, इजिप्तमध्ये तिथला शासक खेदिव तौफिक, रोममध्ये पोप तेरावे लिओ, लंडनमध्ये राणी व्हिक्टोरिया, या सगळ्यांना तो भेटला. हा प्रवास हौसेचा नव्हता. त्यामागे मोठी चिंता होती, आणि ती समजल्याशिवाय हवाईतलं काहीच समजत नाही.

माणसं मरत होती. 1778 साली कॅप्टन कुक तिथे पोहोचला तेव्हा बेटांवर काही लाख माणसं असावीत असा अंदाज आहे. 1890 च्या शिरगणतीत मूळ हवाई वंशाची, मिश्र धरून, जेमतेम चाळीस हजार उरली होती. देवी, गोवर, गुप्तरोग, इन्फ्लुएन्झा, सगळं जहाजांतून आलं आणि ज्यांच्या अंगात त्याची प्रतिकारशक्ती नव्हती त्यांना घेऊन गेलं. राजा प्रवासात असताना 1881 मध्ये पुन्हा देवीची साथ आली. त्याच्या जागी कारभार पाहणारी त्याची बहीण लिलिउओकलानी हिने बंदरं बंद केली. उसाच्या मळेवाल्यांचा रोष पत्करून केली. राज्यावर येताच कलाकाउआने घोषवाक्य दिलं होतं ‘होओउलू लाहुई’, म्हणजे आपलं राष्ट्र वाढवूया. ज्या राजाला आपली प्रजाच संपेल अशी धास्ती होती, त्याला ‘मौजमजेत रमलेला’ म्हणताना लिहिणाऱ्याने हा आकडा पाहिला होता का?

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार त्या आधुनिक युगाची. इओलानी राजवाड्याची कोनशिला 31 डिसेंबर 1879 रोजी बसली आणि 1882 मध्ये तो पुरा झाला. जगप्रवासाच्या शेवटी राजा न्यूयॉर्कला थॉमस एडिसनला मुद्दाम भेटला, विजेच्या दिव्यांची चौकशी केली. 1886 मध्ये राजवाड्याच्या आवारात विजेचे दिवे लावून दाखवले, पाठोपाठ आत वीज आली. वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये वीज आली 1891 मध्ये. म्हणजे ज्या अमेरिकेने तिथे आधुनिकता नेली असं आपण छापता, तिच्या राष्ट्राध्यक्षाच्या घरी गॅसचे दिवे होते तेव्हा हवाईच्या राजाच्या घरी बटण दाबून उजेड पडत होता. मार्च 1888 मध्ये होनोलुलूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, आणि ती कळ दाबली राजाची भाची राजकन्या काइउलानी हिने, वय वर्षं बारा. राजवाड्यात टेलिफोन होता. मजल्यावर नळाचं पाणी आणि फ्लशचे संडास होते. हे सगळं आपल्या प्रवाशांना प्रत्यक्ष डोळ्यांनी बघता येतं.

आत जाताना बुटांवर कापडी मोजे चढवायला देतात, कारण जमीन जपायची आहे. समोर कोआ या तिथल्या झाडाच्या लाकडाचा रुंद जिना वर जातो. ते लाकूड इतकं गडद आणि तुकतुकीत आहे की कठड्यावर खिडकीचा उजेड पाण्यासारखा हलताना दिसतो. वर राजाची अभ्यासिका, त्यात पुस्तकं आणि भिंतीवरचा टेलिफोन. खाली सिंहासनाचं दालन, लाल आणि सोनेरी. दोन तासांत हे सगळं होतं. कंटाळा येण्याजोगी ती जागा नाही. पण कोण राहायचं आणि त्याचं काय झालं हे सांगणारं कुणीतरी बरोबर हवं.

राजाने केवळ दिवे आणले नाहीत. 1880 पासून तिथल्या विधिमंडळाच्या खर्चाने हवाई तरुण शिकायला बाहेर पाठवले जाऊ लागले, इटली, स्कॉटलंड, इंग्लंड, जपान, चीन, अमेरिका. कुणी अभियांत्रिकी, कुणी वैद्यक, कुणी लष्करी शिक्षण. रॉबर्ट विल्कॉक्स इटलीत तुरिनच्या लष्करी अकादमीत शिकला आणि पुढे 1889 मध्ये राजाचे हिरावलेले अधिकार परत मिळावेत म्हणून त्यानेच उठाव केला. तो फसला. आपल्याकडे सयाजीराव गायकवाडांनी हुशार मुलांना परदेशी धाडलं याचा आपल्याला केवढा अभिमान! त्याच सुमारास, तेवढ्याच तळमळीने, एका लहानशा बेटावरचा राजा तेच करत होता. हे कळलं तर मराठी प्रवाशाला तो राजा परका वाटेल का?

दुसरी तक्रार पर्ल हार्बरची. आपण तिथे अख्खा दिवस देता. द्या, ती जागा त्या योग्यतेची आहे. पण आपल्या पत्रकात पर्ल हार्बरचा इतिहास 7 डिसेंबर 1941 च्या सकाळी सुरू होतो. ते बंदर अमेरिकेकडे आलं कसं?

कलाकाउआ 1874 च्या अखेरीस वॉशिंग्टनला गेला. अमेरिकेला भेट देणारा तो पहिला राज्यावर असलेला राजा. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी त्याच्यासाठी मेजवानी दिली. पुढच्या वर्षी करार झाला: हवाईची साखर अमेरिकेत जकातीविना जाईल. राजाला वाटलं, राज्याला पैसा मिळेल. मिळालाही, पंधराएक वर्षांत साखरेची निर्यात दहा पटीच्या आसपास गेली. पण मळे कुणाचे होते? बहुतेक अमेरिकी आणि युरोपीय मालकांचे, त्यांत मिशनऱ्यांची मुलं आणि नातवंडं पुष्कळ. मजूर आणले चीनमधून, पोर्तुगालच्या बेटांतून, 1885 पासून मोठ्या संख्येने जपानमधून. पैसा वाढला तसा मालकांचा दाब वाढला. कराराची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा अमेरिकी सिनेटने अट घातली, पर्ल हार्बर एकट्या अमेरिकेच्या आरमाराला द्या. राजाने ती मान्य केली नाही.

मग 1887 चा जुलै आला. लॉरिन थर्स्टन आणि त्याच्या मंडळींची एक गुप्त संघटना होती, तिच्या हाताशी ‘होनोलुलू रायफल्स’ ही बंदूकधारी पलटण होती. 6 जुलैला त्यांनी राजासमोर नवी राज्यघटना ठेवली आणि सही घेतली. लोक तिला आजही संगिनीची घटना म्हणतात. राजाच्या हातून मंत्रिमंडळ गेलं. वरच्या सभागृहासाठी मत द्यायला तीन हजार डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला सहाशे डॉलर उत्पन्न हवं. म्हणजे बहुतेक हवाई माणूस बाद. आशियाई वंशाच्या लोकांचा मताधिकार काढला, जे रीतसर नागरिक झाले होते त्यांचाही. उलट अमेरिकी आणि युरोपीय रहिवाशांना आपलं नागरिकत्व न सोडता मत देता येऊ लागलं. त्याच वर्षीच्या शरदात पर्ल हार्बरच्या अटीसकट करारावर सही झाली.

मी शिकवताना मुलांना तैनाती फौजेचं कलम समजावून द्यायची: राजा गादीवर, हुकूम दुसऱ्याचा. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना 1839 मध्ये पदच्युत केलं, रंगो बापूजी त्यांची कैफियत घेऊन वर्षानुवर्षं लंडनमध्ये दारोदार फिरले. माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलाला कलाकाउआची गोष्ट एका तासात कळली असती. आपल्या प्रवाशांत त्याच शाळांतून शिकलेली माणसं असतात. त्यांना एवढी गोष्ट झेपणार नाही असं आपण परस्पर कसं ठरवलंत?

तिसरी तक्रार ‘आलोहा नाइट’ची. जेवणानंतर प्लॅस्टिकच्या गवताचे घागरे वाटायचे, काका-काकूंना स्टेजवर बोलवायचं, कंबर हलवायला लावायची, सगळ्यांनी हसायचं आणि त्याला हुला, म्हणजे तिथलं पारंपरिक नृत्य, म्हणायचं. हे व्हिडिओ आपण जाहिरातीत वापरता. माझी नात हुला शिकते. तिथे आधी मंत्रासारखी गाणी पाठ करतात, त्यांचा उच्चार, त्यांतल्या पर्वतांची आणि पावसांची नावं, मग हात. गुरू परवानगी देईल तेव्हाच वर्गात पाऊल टाकायचं. भरतनाट्यम् शिकणाऱ्या कुठल्याही मराठी घराला ही शिस्त ओळखीची आहे.

आणि हे नृत्य आज जिवंत आहे त्यात या राजाचा वाटा फार मोठा आहे. मिशनरी 1820 मध्ये आले, 1830 मध्ये ख्रिस्ती झालेल्या राणी काआहुमानूने जाहीर हुलाला मनाई केली, पुढे परवान्यांची आडकाठी आली. गुरूंनी खेड्यापाड्यांत गुपचूप ते टिकवलं. कलाकाउआने 12 फेब्रुवारी 1883 ला राज्याभिषेक केला तेव्हा या गुरूंना आणि शिष्यांना राजवाड्याच्या आवारात मानाने बोलावलं. मिशनरी वळणाची मंडळी इतकी खवळली की त्या नृत्यांचा कार्यक्रम छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला भरला. राजा मागे हटला नाही. 1886 मध्ये पन्नासाव्या वाढदिवसाला पुन्हा हुला झाला. आपल्याकडे तमाशाला आणि लावणीला ‘सभ्य’ लोकांनी काय काय ऐकवलं ते ज्यांना आठवतं, त्यांनी तरी या नृत्याची थट्टा करू नये.

‘कुमुलिपो’ हे विश्वाच्या उत्पत्तीचं हवाई स्तोत्र, दोन हजारांहून अधिक ओळींचं. काळोखातून प्रवाळ, प्रवाळातून जीव, जीवांतून माणसं आणि शेवटी राजवंश. ते मुखोद्गत चालत आलं होतं. कलाकाउआने ते 1889 मध्ये छापून घेतलं. पुढे लिलिउओकलानीने त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, तिला राजवाड्यात कैद करून ठेवलं होतं त्या काळात ते काम सुरू झालं. वीज आणणारा राजा आणि स्तोत्र छापणारा राजा एकच होता, हे मला त्याच्याविषयी सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवं घ्यायचं तर आपलं टाकावं लागतं, असं त्याला सांगणारे आजूबाजूला पुष्कळ होते. त्याने ऐकलं नाही.

चौथी तक्रार छोटी आहे. आपली बस ज्या रस्त्यावर खरेदीसाठी थांबते त्याचं नाव कलाकाउआ ॲव्हेन्यू. त्याच रस्त्याच्या टोकाला त्याचा पुतळा आहे, जपानी स्थलांतराच्या स्मरणार्थ उभारलेला. बस त्याच्यासमोरून जाते. मायक्रोफोन हातात असतो. एक वाक्य तरी बोला.

आता दुसरी बाजू. मी त्याला देव करायला सांगत नाही. राजवाडा बांधायला साडेतीन लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि तिजोरीला तो जड गेला. साखरसम्राट क्लाउस स्प्रेकल्सच्या कर्जात तो अडकला. वॉल्टर गिब्सन या पंतप्रधानावर त्याने फार भरवसा टाकला. अफूच्या मक्त्यासाठी एका चिनी व्यापाऱ्याकडून 71 हजार डॉलर घेतले आणि मक्ता दुसऱ्याला गेला, हे प्रकरण त्याच्यावर डाग म्हणून राहिलंच. पॉलिनेशियन राज्यांचा संघ करायचा म्हणून सामोआला एक युद्धनौका धाडली, तो बेत फसला. त्याला पत्ते, गाणं आणि मेजवानी आवडायची. हेही सांगा. पण दोष सांगताना हे विसरू नका की हे दोष ज्यांनी सगळ्यात मोठ्याने ओरडून सांगितले, त्यांना त्याचं राज्य हवं होतं. ‘मौजी राजा’ हे नाव जगभर पसरलं. गंमत म्हणजे हवाई लोकांनी तेच नाव अभिमानाने उचललं. हिलो शहरात दर वर्षी ईस्टरनंतरच्या आठवड्यात त्याच नावाने हुलाचा मोठा महोत्सव भरतो आणि घराघरांत तो टीव्हीवर पाहतात. त्यांच्या तोंडी ते नाव प्रेमाचं आहे. आपल्या पत्रकात ते हेटाळणीचं झालंय.

पाचवी आणि माझ्या लेखी सगळ्यात गंभीर तक्रार ‘अमेरिकेच्या छत्राखाली आली’ या शब्दांची. कलाकाउआ प्रकृतीसाठी कॅलिफोर्नियाला गेला आणि 20 जानेवारी 1891 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या पॅलेस हॉटेलात वारला. होनोलुलूत त्याच्या स्वागतासाठी कमानी उभ्या राहत होत्या. ‘चार्ल्सटन’ हे जहाज क्षितिजावर दिसलं ते अर्ध्यावर उतरवलेल्या निशाणांसह, आणि लोकांनी त्याच कमानींवर काळं कापड चढवलं. लिलिउओकलानी राणी झाली. तिने लोकांचे हक्क परत देणारी घटना आणायचं ठरवलं. 16 जानेवारी 1893 ला ‘बोस्टन’ या अमेरिकी युद्धनौकेवरून सैनिक किनाऱ्यावर उतरले, दुसऱ्या दिवशी थर्स्टन आणि सॅनफर्ड डोल यांच्या मंडळींनी राज्य ताब्यात घेतलं. 1895 मध्ये राणीला तिच्याच राजवाड्यातल्या वरच्या खोलीत कोंडलं. तिथे तिने सोबतिणीबरोबर तुकडे जोडून एक गोधडी शिवली. त्यावर तिच्या कैदेची तारीख टाक्यांनी भरलेली आहे. ती गोधडी त्याच खोलीत आजही आहे. मराठी बाईला गोधडी कशाला समजावून सांगायची? पण आपल्या सहलीतली एकही बाई तिच्यासमोर उभी राहणार नाही, कारण त्या वेळात मॉल आहे.

1896 मध्ये शाळांतून हवाई भाषा बाद झाली. 1897 मध्ये विलीनीकरणाविरुद्ध एकवीस हजारांहून अधिक हवाई लोकांनी सह्या केल्या. चाळीस हजार लोकांतल्या एकवीस हजारांनी! तरीही 1898 मध्ये अमेरिकेने बेटं घेतली. आणि 1993 मध्ये खुद्द अमेरिकेच्या काँग्रेसने ठराव करून माफी मागितली: राज्य उलथवणं बेकायदा होतं, त्यात अमेरिकेचे प्रतिनिधी सामील होते, हवाई लोकांनी आपल्या सार्वभौमत्वावरचा हक्क कधीही थेट सोडला नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची त्यावर सही आहे. ज्यांनी घेतलं त्यांनी कबूल केलं. मग पुण्यामुंबईत छापलेल्या पत्रकात अजून ‘छत्र’ कसं?

तर माझं मागणं असं आहे.

इओलानी राजवाडा कार्यक्रमात परत घ्या, बाहेरून फोटोपुरता नव्हे, आतून. ज्यांना नको असेल ते खरेदीला जातील, पण ज्याने पैसे भरले त्याला निवड तरी राहू द्या. तिकिटाचा खर्च वाढत असेल तर वेगळा दाखवा. माझ्या माहितीतले कितीतरी जण तो आनंदाने देतील.

पत्रकातल्या त्या चार ओळी काढा. नव्या चार ओळींत एवढं असू द्या: हवाई हे 1893 पर्यंत स्वतंत्र राज्य होतं, राजा कलाकाउआने तिथे व्हाइट हाउसच्या आधी वीज आणली आणि हुलाला सन्मान परत दिला, ते राज्य बळाने घेतलं गेलं, आणि अमेरिकेने त्याबद्दल 1993 मध्ये माफी मागितली आहे.

पर्ल हार्बरला जाताना बसमध्ये 1887 ची गोष्ट सांगा. पाच मिनिटं लागतात.

प्लॅस्टिकच्या घागऱ्यांचा कार्यक्रम बंद करा. त्याऐवजी तिथल्या एखाद्या हुला शाळेला रीतसर मानधन देऊन आमंत्रण द्या, किंवा ज्या ठिकाणी ते नृत्य जाणकार माणसं सादर करतात तिथे प्रवाशांना घेऊन जा. आणि त्या वेळी मोबाइल खाली ठेवायची विनंती टूर मॅनेजरने करावी.

हवाईला जाणाऱ्या प्रत्येक टूर मॅनेजरला निघण्यापूर्वी या इतिहासाची निदान एक बैठक द्या. शिकवायला माणूस मिळत नसेल तर मी येते. मानधन नको. मराठीत टिपण तयार आहे, बसमध्ये वाचता येईल अशा बेताने लिहिलेलं. ज्या संस्थेला हवं तिला देईन, त्यावर माझं नाव छापायची गरज नाही.

पुढच्या हंगामाची पत्रकं दिवाळीच्या आधी छापखान्यात जातात, हे मला ठाऊक आहे. त्याआधी या पत्राचं उत्तर द्यावं. खाजगी फोन नको. जसं हे पत्र सगळ्यांसमोर आहे तसंच उत्तरही सगळ्यांसमोर असावं, म्हणजे सहलीचे पैसे भरणाऱ्यांनाही कळेल की कोणत्या संस्थेने काय ठरवलं.

कळावे,
आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा